गांधी मैदानातलं तळं

जुलै महिना. रात्रभर कोसळून सकाळी पावसानं जरा दम घेतला होता. तेवढ्यात भाजी आणून टाकावी म्हणून मी पिशवी घेऊन बाहेर पडले. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून जाताना गांधी मैदानाच्या कडेला एक मुलगी उभी दिसली. चोवीस-पंचवीसची असेल. पाठीवर मोठी सॅक, सॅकवर निळं प्लास्टिक, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, हातात मोबाइलवर उघडलेला नकाशा. मैदान दरवर्षीसारखं भरलं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत तांबूस पाणी, त्यावर वाऱ्याच्या बारीक लाटा, मधल्या उंचवट्यावर दोन बगळे. मला बघून ती पुढं आली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "आंटी, इस तालाब का नाम क्या है? मॅप में दिख नहीं रहा." मी तोंड उघडायच्या आत चहाच्या गाड्यावरचा पोरगा ओरडला, "ओ मॅडम, तलाव नहीं, मैदान है मैदान! चार दिन धूप पडने दो, इधर क्रिकेट खेलते हम लोग." गाड्याभोवतीचे सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, "मैं भोपाल से हूँ ना, मुझे हर पानी तालाब लगता है." एकटीच फिरत होती. मी तिला रंकाळा तलावाची वाट दाखवली, ती पाण्याच्या कडेकडेनं निघून गेली आणि मी कपिलतीर्थ मंडईकडं वळले.

मंडईत पोचेपर्यंत मला चैन पडेना. मेथीच्या जुड्या बघत होते आणि डोक्यात तिचा प्रश्न. कारण पोराचं बरोबर होतं, तसं तिचंही बरोबर होतं. गांधी मैदान जिथं आहे तिथं पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळं होतं. पलीकडच्या वेशीला आजही वरुणतीर्थ वेसच म्हणतात. सभा, मोर्चे, क्रिकेट, दिवाळीतले फटाके, हे सगळं तळ्याच्या तळावर चालतं. पावसाळा आला की पाणी आपल्या जागी येऊन बसतं आणि आम्ही 'मैदानात पाणी साचलं' म्हणून वैतागतो. आणि मी मेथी घेत उभी होते तेही एक तळंच. कपिलतीर्थ. मंडईच्या गर्दीत, भाजीच्या ओट्यांच्या मधोमध कपिलेश्वराचं देऊळ आहे. कोल्हापूरचं ग्रामदैवत. भाजी घेऊन झाली की बायका पिशव्या पायाशी ठेवून तिथं हात जोडतात. मीही जोडते. देवाचं देऊळ मंडईत कसं, असा प्रश्न लहानपणापासून मला कधी पडला नव्हता. देऊळ मंडईत नव्हतंच, पाण्याजवळ होतं. पाणी गेलं, देव राहिला.

बाहेरगावच्या एकट्या मुलीला जे एका नजरेत दिसलं ते दिसण्यासाठी बाहेरगावचंच असावं लागतं का, हे काही त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

मी स्वतः एकटीनं फिरते. मुलगा शिकायला बाहेर गेला, शाळेच्या सुट्ट्या मोकळ्या पडू लागल्या. घरच्यांना प्रवासाचा कंटाळा, मला तर जुन्या गावांची ओढ. तेव्हापासून वर्षातून एखादं गाव करते. पहिल्या पहिल्यांदा फार अवघड गेलं. लॉजच्या काउंटरवर "और कौन आ रहा है?" असं विचारतात, आणि कोणी नाही म्हटलं की वहीवरून मान वर करून बघतात. हॉटेलात चार जणांच्या टेबलावर एकटीनं जेवताना घास घशात फिरतो. देवळात बसावं तर शेजारच्या बाईला चौकशी करायचीच असते: मालक कुठं आहेत, मुलं किती. त्यांचा हेतू वाईट नसतो, आपल्या पेठेतही आपण हेच विचारतो. पण दिवसभर तेच तेच सांगून जीव शिणतो. मग हळूहळू मला एक जागा सापडली. कोणत्याही जुन्या गावात जा, पाण्याच्या पायऱ्यांवर एकट्या बाईला कोणी काही विचारत नाही. तिथं सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात. काही विकत घ्यावं लागत नाही, कोणाला नमस्कार करावा लागत नाही, उठा म्हणणारा कोणी नसतो. शेजारी एखादा म्हातारा धोतर वाळवत असतो, एखादी पोरगी अभ्यास करत असते, एखादा नुसताच बसलेला असतो. या शहरांनी राजवाडे राजांसाठी बांधले, देवळं देवांसाठी. पायऱ्या मात्र कोणासाठीही बांधल्या. म्हणून मी गावात उतरले की आधी पाणी कुठं आहे ते विचारते. किल्ला उद्या बघता येतो.

मदुराईला मीनाक्षीच्या देवळातलं सुवर्णकमळाचं कुंड बघितलं, चारी बाजूंच्या ओवऱ्यांत गर्दी होती. त्या कुंडात म्हणे पूर्वी कवींनी आपल्या रचना सोडायच्या. खरी कविता तरायची, खोटी बुडायची. फार आवडली ही गोष्ट मला, पण जीव अडकला तो गावाच्या पूर्वेकडच्या तेप्पकुळममध्ये. तिरुमल नायकानं सतराव्या शतकात बांधलेला तो प्रचंड चौकोनी तलाव, मधोमध बेटावर मंडप, वैगई नदीतून जमिनीखालून पाणी आणणारे कालवे. मी गेले तेव्हा तो कोरडा होता. ठणठणीत कोरडा. दगडी कठड्यावर बसून खाली बघितलं तर तळात चार-पाच ठिकाणी क्रिकेटचे डाव रंगले होते. एकाचा चेंडू मधल्या मंडपाच्या पायऱ्यांवर गेला आणि तो पोरगा देवाच्या बेटावर पळत चढला. शेजारी बसलेल्या आज्जींनी खुणांनी आणि तुटक हिंदीत सांगितलं की राजवाड्याच्या विटांसाठी माती काढली, त्यातून हा तलाव झाला आणि माती खणतानाच मोठा गणपती सापडला. तो आता मीनाक्षीच्या देवळात आहे. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडंही असंच सांगतात, रंकाळा म्हणजे मुळात दगडाची खाण, तिथला दगड अंबाबाईच्या देवळाला लागला, मग भूकंप झाला आणि खाणीत पाणी फुटलं. त्यांना किती समजलं कोण जाणे. पण "अम्मन कोविल, कोल्हापूर" एवढं ऐकून त्यांनी हात जोडले. पुढं काही वर्षांनी तेप्पकुळममध्ये पुन्हा पाणी सोडल्याचं वाचलं तेव्हा मला इथं घरात बसून आनंद झाला. क्रिकेटवाली पोरं आता कुठं खेळत असतील, हेही मनात आलंच.

बनारसला लोक गंगेसाठी जातात. मीही गेले, आठवडाभर घाटांवर बसून राहिले आणि त्या नदीबद्दल मी इथं काही लिहिणार नाही, कारण ते लिहिण्याची माझी ताकद नाही. मला सांगायचं आहे ते मैदागिनबद्दल. गल्लीबोळांतून फिरताना मैदागिनच्या चौकात येऊन पोचले. रिक्षा, हॉर्न, कचोरीचा वास, कॉलेजची पोरं. तिथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदारानं सांगितलं की हे मंदाकिनी तलाव होतं. केवढं तरी मोठं. १८२० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप टाकसाळीचा अधिकारी म्हणून काशीत होता. पुढं ज्यानं ब्राह्मी लिपी उलगडली तोच हा माणूस. त्यानं शहरात सांडपाण्याचं भुयार काढलं आणि अशी तळी त्यातून गंगेकडं उपसून टाकली. मैदागिन गेलं, मच्छोदरी गेलं. आरोग्यासाठी केलं, चांगल्या हेतूनं केलं. त्यानं बनारसची काढलेली चित्रं बघताना तर वाटतं, या माणसाचं त्या शहरावर प्रेमच होतं. त्या दुकानदाराला मी विचारलं, पावसाळ्यात इथं पाणी भरतं का? तो म्हणाला, "भरेगा नहीं? पानी अपना घर भूलता है क्या?" हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की पुढच्याच क्षणी तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळलाही होता.

मी त्या चौकात उभी राहून कोल्हापूरचाच विचार करत होते.

दक्षिण काशी म्हणून आपण मिरवतो, तर काशीत मणिकर्णिका आणि आपल्याही देवळात मणिकर्णिका. अंबाबाईच्या देवळात घाटी दरवाजानं शिरलं की डाव्या-उजव्या बाजूला काय आहे हे माझ्या पिढीनं कधी नीट बघितलंच नाही. दर्शनाची रांग कुठं लागते तेवढं बघायचं. मणिकर्णिका कुंड आमच्या जन्माआधीच बुजवलं होतं, वर बाग होती. काही वर्षांपूर्वी ते पुन्हा उकरायला घेतलं तेव्हा मी मुद्दाम बघायला जायची. पत्र्याच्या आडोशाच्या फटीतून दिसायचं. ओली काळी माती, त्यात माणसं टोपल्या भरतायत, आणि एकेक काळी दगडी पायरी मातीतून वर येतेय. पायऱ्यांच्या कडा अजून धारदार होत्या. इतकी वर्षं त्यांच्यावरून कोणी चाललंच नव्हतं ना. एक बाई माझ्या शेजारी फटीला डोळा लावून उभी होती, नऊवारीतली, बहुतेक कागल किंवा राधानगरीकडची. ती म्हणाली, "देवीच्या दारातलं पाणीच झाकून ठेवलं हुतं म्हणायचं." आणि मग खूप वेळ काही बोलली नाही. कुंड उघडं झालं याचं मला मनापासून समाधान आहे, आणि तरीही त्या बागेत बाकावर बसून शेंगा खाल्लेल्या आठवणी आहेत, त्या कुठं ठेवायच्या ते कळत नाही. हरवलेलं परत आणताना मधल्या काळात तिथं जे जगलं गेलं त्याचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

रावणेश्वराचं तळं शाहू स्टेडियमखाली गेलं. फुटबॉलच्या हंगामात पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की पेठा ओस पडतात, माझा भाऊ अजूनही गळा बसेपर्यंत ओरडतो. त्या आरडाओरड्याखाली तळं आहे. मला ते स्टेडियम नको आहे का? नाही, मला तसं मुळीच वाटत नाही. स्टेडियम नसतं तर पेठांचं निम्मं आयुष्य गेलं असतं. सिद्धाळ्यात बाग झाली, तीही बरी आहे. कोटीतीर्थ मात्र अजून आहे. शाहू मिलजवळ, १९०६ मध्ये शाहू महाराजांनी उभ्या केलेल्या आणि आता बंद पडलेल्या त्या मिलच्या शेजारी. मिलचा भोंगा थांबला, तळं राहिलं. इकडची बरीचशी तळी गेली ती दुष्टपणानं नाही. शहर वाढलं, नळ आले, उघड्या पाण्याचा वास येऊ लागला, डास झाले, कोणी तरी म्हणालं बुजवा. काशीत झालं तेच. फक्त काशीची गोष्ट ऐकताना मला हळहळ वाटली आणि आपली गोष्ट मी भाजीची पिशवी घेऊन ओलांडत आले.

विजापूर आपल्याला जवळचं, मिरज-जतमार्गे एसटीनं सकाळी निघालं तर दुपारी पोचतो. गोल घुमटात सगळे जण आपापला आवाज ऐकायला जातात, मी ताजबावडीवर जाऊन बसले. इब्राहिम आदिलशहाच्या काळातली ती नुसती विहीर नाही, पाण्याचा महालच आहे. मोठी कमान, दोन बाजूंना अष्टकोनी मनोरे, मग एकदम खाली उतरणाऱ्या पायऱ्या. आणि त्या पाण्यात तेव्हा प्लास्टिक, नारळ, निर्माल्य, रंग उडालेल्या मूर्ती. नंतर ती उपसून साफ केली म्हणे, पण माझ्या डोळ्यांसमोर ते पहिलंच रूप आहे. याउलट अहमदाबादच्या एका पोळीत, म्हणजे जुन्या मोहल्ल्यात, लाकडी घरात उतरले होते, तिथं घरमालकीण काकींनी चौकातली एक फरशी सरकवून खाली टाकं दाखवलं. छपरावरचं पावसाचं पाणी तिथं उतरतं, जमिनीखालच्या अंधारात वर्षभर राहतं. त्यांनी बादली सोडून पाणी काढलं आणि मला तांब्यातून दिलं. गार, अजिबात वास नसलेलं पाणी. बाहेर नळ होता, आरओ मशीन होतं, तरी टाकं त्या दर पावसाळ्याआधी आत माणूस उतरवून घासून घेतात. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "घर छे तो टांकु छे." घर आहे तर टाकंही आहे. २०१७ साली त्या शहराला जागतिक वारशाचा मान मिळाला. माझ्यापुरता तो मान त्या काकींच्या घासणीला मिळाला आहे.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल, हिला पाण्याचं नुसतं कौतुक आहे. तर नाही. मी कोल्हापूरची आहे. पाण्याची भीती काय असते ते आम्हाला दुसऱ्या गावानं शिकवायला नको. पावसाळ्यात इथं लोक भेटल्यावर 'कसं काय' विचारायच्या आधी 'राजाराम बंधारा किती?' विचारतात, म्हणजे पंचगंगा नदीची पातळी तिथं किती झाली. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पोराटोरांनाही हे आकडे पाठ. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की त्यातलं पाणी शहराजवळ यायला किती तास, याचे हिशेब गल्लीच्या कट्ट्यावर मांडले जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, दूध नाही, पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही. चारी बाजूंनी पाणी आणि टँकरपुढं घागरींची रांग. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत रंग लावायच्या राहिलेल्या गणेशमूर्ती लोकांनी हातोहात वर चढवल्या. आमच्या घरी नात्यातलं एक कुटुंब आलं होतं, चिखलीकडचं. म्हशी सोडून यावं लागलं म्हणून त्यातले काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कोणी तरी फोनवर सांगितलं की म्हशी पोहून माळावर चढल्या, तेव्हा ते परड्यात जाऊन एकटेच रडले. पाणी उतरल्यावर पंचगंगेच्या घाटावर गेले होते मी. देवळांच्या शिखरांपर्यंत गाळाची रेघ. सगळीकडं तो वास. ओला, कुजका, डिझेल मिसळलेला. तो वास मला अजून कोणत्याही ऐतिहासिक शहरात आला नाही आणि येऊ नये.

आणि इथून थोड्या अंतरावर, नरसोबावाडीला, हीच पंचगंगा कृष्णेला मिळते, पूर चढला की पाणी दत्ताच्या देवळात उत्तरेच्या दारानं शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात अंघोळ करायला माणसं धावत जातात. एका पुरात काकांच्या म्हशी आणि त्याच पुरात हे स्नान. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. मला दोन्ही पटतं, एकाच वेळी पटतं, आणि दोन्हींपैकी एक सोडायला सांगितलं तर मला जमणार नाही.

रंकाळ्याबद्दल किती लिहिणार. माझी आजी सांगायची, तिथला नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. ज्या दिवशी तो रंकाळ्याला टेकेल त्या दिवशी जग बुडेल. लहानपणी तिच्याबरोबर गेलं की मी आधी नंदी कुठं आहे ते बघून घ्यायची. उन्हाळ्यात पाणी आटलं की संध्यामठ वर यायचा, शेवाळानं हिरवे झालेले दगडी खांब, आणि आजी म्हणायची, "बघ, यंदा किती उघडा पडलाय." तिच्यासाठी तो पावसाचा अंदाज होता. धुण्याच्या चावीवर बायकांच्या कपडे आपटण्याचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत यायचा. मग जलपर्णी आली, सांडपाणी आलं, एकेका वर्षी तर नाकाला पदर लावून फिरावं लागलं. पण गणपतीच्या विसर्जनाचं जे झालं ते मला फार मोठं वाटतं. पंचगंगेत मूर्ती सोडायच्या नाहीत, रंकाळ्यापाशी इराणी खण नावाच्या जुन्या खाणीत सोडायच्या, हे या गावानं हळूहळू स्वीकारलं. ज्या गावात मंडळाच्या मिरवणुकीचा क्रम बदलायला सांगितला तर रात्र रात्र वाद होतात, त्या गावानं आपला घाट सोडला. त्याला आणखी मोठं नाव कशाला द्यायचं? आज संध्याकाळी रंकाळ्यावर गेलात तर भेळेच्या गाड्या, पळणारी पोरं, कठड्यावर बसलेली जोडपी आणि मधूनच एखादी एकटी बाई दिसेल. तिला कोणी काही विचारत नाही, हे मी दरवेळी बघून घेते.

गांधी मैदानाचं काय करायचं, याची चर्चा दर पावसाळ्यात होते. पाणी काढायला मोठा नाला करा, भराव टाका, पंप लावा. मला विचारलं तर मी सांगेन, पावसाळ्याचे तीन महिने ते तळ्याला द्या. खरंच द्या. कडेला बसायला दोन-चार पायऱ्या करा आणि तिथं काय होतं ते लिहिलेला एक साधा दगड लावा. दसऱ्यापर्यंत पाणी ओसरेल, मग पोरं खेळायला येतीलच. पाण्याला यायला-जायला जागा उरली नाही म्हणून ते सुतारवाड्यात, शाहूपुरीत, लोकांच्या स्वयंपाकघरात शिरतं. तळी होती तेव्हा पूर नव्हते असं कोणी म्हणणार नाही. पण पावसाचं पाणी अडवून धरायला जेवढ्या जागा होत्या तेवढ्या आता नाहीत, हे तर डोळ्यांनी दिसतं.

आता बाहेरगावचं कोणी एकटंदुकटं कोल्हापूरला येणार असेल आणि मला विचारलं, तर मी त्यांना न्यू पॅलेसपासून सुरुवात करायला सांगत नाही. पहाटे पंचगंगेच्या घाटावर जा म्हणते. त्रिपुरी पौर्णिमा असेल तर अंधार असतानाच जा, घाटभर पणत्या असतात. तिथून ब्रह्मपुरीच्या टेकाडावर चढा. तिथं १९४० च्या दशकात उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव सापडलं. त्यातच मिळाली पोसायडनची छोटी काशाची मूर्ती, ग्रीकांचा समुद्रदेव, वितीपेक्षाही लहान. पंचगंगेच्या काठी! कोणत्या बंदरातून, कोणत्या घाटवाटेनं, कोणाच्या गाठोड्यातून तो इथवर आला असेल याचा विचार करत टाउन हॉलच्या संग्रहालयात त्याच्यासमोर मी तास घालवलेत. गंगावेशीत दूध कट्ट्यावर वेळ जमली तर समोर काढलेलं म्हशीचं दूध उभ्या उभ्या प्या. मग घाटी दरवाजानं देवळात शिरा, आधी मणिकर्णिका बघा, मग रांगेला लागा. महाद्वारातून बाहेर पडून ताराबाई रोडनं कपिलतीर्थ मंडईत या, कपिलेश्वराला हात जोडा, पेरू घ्या. पुढं गांधी मैदान आणि मग संध्याकाळपर्यंत रंकाळा. सगळं चालत होतं, रिक्षा लागत नाही. कोणी "एकट्याच आलायसा?" असं विचारलं तर बिनधास्त हो म्हणा, पुढचा प्रश्न "जेवलासा का?" असाच येणार आणि त्यावर नाही म्हटलंत तर तुम्हाला कोणाच्या तरी घरी जावं लागेल, तेव्हा विचार करून उत्तर द्या. पावसाळ्यात येणार असाल तर रबरी चपला घालून या. कोल्हापुरी पायताण पाण्यात घालायचं नसतं, ते जाताना चप्पल लाइनमधून घ्या, आणि दोन मापं घालून बघा, पहिले काही दिवस ते करकरतं आणि चावतं.